बडोद्याला मराठीतून शिकवतात काय?

गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्या पी.यू.सी.चा निकाल लागला आणि आमच्या शाळेतून दहावी झालेल्या एका मुलाचे वडील पेढे घेऊन घरी आले. मुलाला विज्ञानात बरे गुण मिळाले होते. इंजिनिअरिंगला पाठवण्याची ऐपत नाही, आणि मुलाचीही तशी ओढ नाही. त्याला पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. करायचे आहे. पेढ्याचा पुडा ठेवून ते म्हणाले, "गुरुजी, पोराचा मामा बडोद्याला हाय. तिथं गायकवाडांचं राज्य हुतं, म्हंजे कालेजात मराठीतनंच शिकवत असतील न्हवं?"

आम्हाला प्रथम हसू आले. मग वाटले, यात हसण्यासारखे काय आहे? ज्या बापाने आपले मूल पहिलीपासून दहावीपर्यंत मराठी शाळेत हट्टाने शिकवले आणि अकरावीला एका रात्रीत इंग्रजीच्या पाण्यात टाकलेले पाहिले, त्याने 'बडोदे' म्हटल्यावर मराठीची आशा धरली तर त्याचे काय चुकले? सीमाभागातील कितीतरी घरांत हाच समज आहे. बडोदे म्हणजे सयाजीराव महाराज, सयाजीराव म्हणजे मराठी, एवढे समीकरण आपण शाळेतच शिकवून ठेवले आहे. म्हणून या विषयाची नीट चौकशी करण्याचे काम शाळा समितीने आमच्यावर टाकले आणि सुटीत आम्ही त्या बापलेकांबरोबर बडोद्यास जाऊन आलो. जे समजले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

पहिल्याच प्रश्नाचे उत्तर पहिल्यांदा देऊन टाकतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.एस्सी.चे शिक्षण मराठीतून होत नाही. गुजरातीतूनही होत नाही. ते इंग्रजीतून होते. हे विद्यापीठ ३० एप्रिल १९४९ रोजी स्थापन झाले. श्रीमती हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. सारी शिक्षणशाखा एकाच शहरात, बाहेरची संलग्न महाविद्यालये नाहीत, अशी त्याची घडण. आसपासची गुजरातेतील विद्यापीठे गुजराती माध्यमाकडे वळली तेव्हाही हे विद्यापीठ इंग्रजीवरच राहिले, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून मुले तेथे येण्याचे तेही एक कारण आहे.

पण मराठीचे नाव तेथे अगदीच नाही असे कोणी समजू नये. स्टेशनातून बाहेर पडले की थोड्याच अंतरावर जुन्या बडोदे कॉलेजचा भला मोठा घुमट दिसतो. हे कॉलेज १८८१ साली सुरू झाले. तेव्हा ते मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते, म्हणजे पदवीसाठी काय शिकायचे हे मुंबईत ठरत होते आणि त्या मुंबई विद्यापीठात मराठीला पुन्हा स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट करावी लागली. राज्य मराठी राजाचे, प्रजा बहुतांशी गुजराती, आणि कॉलेज इंग्रजी! सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले ते लोकभाषेतून. १८९० साली कलाभवन उघडले. त्याचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ. कारागिराच्या मुलाला रंगकाम, यंत्रकाम त्याच्याच भाषेत शिकवले पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. पुढे १९३१ मध्ये 'श्री सयाजी शासन कल्पतरू' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश निघाला. त्यात एकेका शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू, फारसी असे प्रतिशब्द शेजारी शेजारी दिलेले आहेत. एखाद्या राजाला भाषांचे एवढे वेड असावे याचे आम्हाला आजही आश्चर्य वाटते.

दांडिया बाजारच्या बाजूला फिरताना जुन्या वाड्यांवरची आडनावे वाचली आणि मुलाच्या वडिलांना हायसे वाटले. "मराठी हाय की हितं," ते म्हणाले. खरेच आहे. विद्यापीठात मराठीचा विभाग आहे, मराठी वाङ्मय परिषद आहे. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन साहित्य संमेलने येथे झाली आणि २०१८ च्या फेब्रुवारीत ९१ वे अखिल भारतीय संमेलनही येथेच झाले. पण दांडिया बाजारातील मराठी वेगळी आणि विज्ञान शाखेच्या वर्गातील फळ्यावरची भाषा वेगळी, हे त्यांना समजावून सांगणे आम्हाला भाग पडले.

आता पदवीचा हिशेब. येथे आमच्या पालकांचा सर्वात मोठा गोंधळ होतो. आमच्या काळी बी.एस्सी. म्हणजे तीन वर्षे, पहिल्या वर्षी पदार्थविज्ञान, रसायन, गणित असे तीन विषय आणि शेवटी एक मुख्य विषय. किती पेपर, पेपरला किती गुण, झाले. आता गुण बाजूला पडले आणि 'क्रेडिट' आले. महाराष्ट्रात त्याला श्रेयांक म्हणतात. शब्द चांगला आहे, तोच आपण वापरू.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी शिक्षणाची जी चौकट जाहीर केली तीप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक लागतात आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६०. गुजरातेत २०२३–२४ पासून हा नवा क्रम सुरू झाला. एक श्रेयांक म्हणजे वर्गातील १५ तास. प्रयोगशाळेत मात्र एका श्रेयांकाला ३० तास उभे राहावे लागते. म्हणजे चार श्रेयांकांचा व्याख्यानाचा विषय ६० तासांचा आणि दोन श्रेयांकांचे प्रात्यक्षिकही ६० तासांचेच. सत्राला साधारण १५ आठवडे धरले तर दोन्हींना आठवड्याचे चार चार तास पडतात. मुलाचे वडील हे ऐकून म्हणाले, "म्हंजे प्रयोगाची मजुरी निम्मी." हिशेब त्यांनी बरोबर पकडला होता.

या १२० पैकी निम्मे, म्हणजे किमान ६० श्रेयांक, मुख्य विषयाचे. मुख्य विषय पदार्थविज्ञान असेल तर त्यात यामिकी म्हणजे गती व बलांचे शास्त्र, विद्युत व चुंबकत्व, तरंग व प्रकाश, उष्मागतिकी, पुढे क्वांटम यामिकी, अणू व अणुकेंद्र, घन पदार्थांचे भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, आणि या सर्वांना पुरेल असे गणित. जगात कोठेही पदार्थविज्ञानाची पदवी घेतली तरी ही यादी फारशी बदलत नाही. क्रम बदलतो, खोली बदलते. गौण विषयाचे २४ श्रेयांक असतात, आणि ज्याला पुढे एम.एस्सी. करायचे आहे त्याने येथे गणित सोडून दुसरे काही घेण्याचा विचार करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. पदार्थविज्ञानात नापास होणारी निम्मी मुले मुळात गणितात अडकलेली असतात हे आम्ही पंचवीस वर्षे वर्गात पाहत आलो आहोत. बारावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलेल्या मुलाने तर या वाटेला जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा. गुजरातेत बारावीच्या विज्ञानाचे 'ए' आणि 'बी' असे गट करतात, त्यातला गणिताचा गट 'ए'. आपल्याकडचा पी.सी.एम. म्हणजे तोच.

उरले ते बहुशाखीय विषयांचे ९, कौशल्याचे ९, मूल्यशिक्षणाचे ६ ते ८, प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे म्हणजे इंटर्नशिपचे २ ते ४. बहुशाखीय म्हणजे आपल्या शाखेबाहेरचे. बारावीला जे शिकलो तेच पुन्हा घेऊन गुण पदरात पाडता येत नाहीत.

आणि आठ श्रेयांक भाषेचे!

पालकांनी हे दोनदा वाचावे. पदार्थविज्ञानाच्या पदवीतील १२० पैकी ८ श्रेयांक भाषेसाठी राखलेले आहेत. चौकटीचे शब्द असे आहेत की विद्यार्थ्याने एक आधुनिक भारतीय भाषा आणि इंग्रजी यांत क्षमता मिळवावी. आधुनिक भारतीय भाषा कोणती, ते तेथे सांगितलेले नाही. मराठी ही आधुनिक भारतीय भाषाच आहे. घटनेच्या आठव्या परिशिष्टात ती पहिल्यापासून आहे. पण कोणत्या भाषा शिकवायच्या, शिक्षक कोठून आणायचे, किती मुले झाली म्हणजे वर्ग भरवायचा, हे प्रत्येक विद्यापीठ आपापले ठरवते. तेव्हा बडोदे असो, कोल्हापूर असो की धारवाड असो, प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षाची भाषाविषयांची यादी लेखी मागून घ्यावी आणि तीत मराठी आहे का ते पाहावे. नसेल तर का नाही असे विचारावे. चार गावच्या पालकांनी विचारले तर विचारण्याला वजन येते. न विचारता मिळालेली भाषा आमच्या पाहण्यात नाही.

अर्थात आठ श्रेयांकांची मराठी मिळाली म्हणून यामिकी मराठीतून शिकवणार नाहीत. तो प्रश्न वेगळा, आणि त्याची एक जुनी गोष्ट गुजरातेतच घडलेली आहे. ती सीमाभागातील प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असायला हवी, पण आम्ही ज्यांना ज्यांना विचारले त्यांतील एकालाही ती ठाऊक नव्हती.

१९६० सालच्या मार्चमध्ये जुन्या मुंबई राज्याची एस.एस.सी. परीक्षा झाली. त्या परीक्षेस बसलेला एक मराठी मुलगा सर्व विषय मराठी माध्यमातून शिकला होता आणि उत्तरेही त्याने मराठीतूनच लिहिली होती. तो पास झाला. १ मे रोजी राज्य दुभंगून महाराष्ट्र आणि गुजरात झाले. मुलगा अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजात प्रथम वर्ष कला शाखेत दाखल झाला, तो इंग्रजी माध्यमाच्या तुकडीत. वर्ष पुरे झाले. इंटरला जाताना प्राचार्यांनी सांगितले की, गुजरात विद्यापीठाचे नियम आता बदलले आहेत; विद्यापीठाच्या परवानगीशिवाय तुला इंग्रजी तुकडीत बसवता येणार नाही. विद्यापीठाने माध्यम गुजराती किंवा हिंदी असे ठरवले होते. परवानगी मागितली तेव्हा उत्तर मिळाले की, परीक्षा हवी तर इंग्रजीतून दे, पण वर्गातले शिक्षण इंग्रजीतून मिळणार नाही.

शिकायचे एका भाषेत आणि लिहायचे दुसऱ्या भाषेत! मुलाचे वडील कृष्ण रंगनाथ मुधोळकर यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. तेथे ते जिंकले. विद्यापीठ सर्वोच्च न्यायालयात गेले. २१ सप्टेंबर १९६२ रोजी निकाल लागला, आणि 'गुजरात विद्यापीठ विरुद्ध श्री. कृष्ण रंगनाथ मुधोळकर' या नावाने तो आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांनी बहुमताचा निकाल लिहिला. विद्यापीठाच्या कायद्यात गुजराती व हिंदीच्या अभ्यासाला उत्तेजन द्यावे असे आहे, पण उत्तेजन देणे म्हणजे तीच एक भाषा सक्तीची करून बाकीच्यांना दार बंद करणे नव्हे, असा त्याचा आशय. माध्यमाचा संबंध उच्च शिक्षणाच्या दर्जाशी येतो, आणि दर्जाचा समन्वय हा घटनेने केंद्राकडे दिलेला विषय, त्यामुळे राज्याला तेथे मोकळे रान नाही, असेही न्यायालयाने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बाराव यांचे मत मात्र वेगळे पडले.

आता वाचकांना एक गंमत दिसेल. मुलगा मराठी, शाळा मराठी, आणि भांडण झाले ते इंग्रजी तुकडीत बसू देण्यासाठी! आमच्या समितीतील एक ज्येष्ठ सभासद हे ऐकून रागावले. "यात मराठीचा काय विजय?" असे ते म्हणाले. त्यांचा मुद्दा अगदी सोडून देण्यासारखा नाही. त्या निकालाने मराठीला कॉलेजात एक बाकही मिळाला नाही. पण बापाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. मुलाची भाषा मिळणार नाही हे नक्की झाल्यावर, तिसरी अनोळखी भाषा त्याच्या गळ्यात बांधू नका, जी थोडीफार जमू लागली आहे तीत तरी त्याला शिकू द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. सीमाभागात राहून हे म्हणणे आम्हाला कळणार नाही तर कोणाला कळणार?

घटनेच्या ३५०-क कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास राज्यांना सांगितले आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते आले. पण ते प्राथमिक शिक्षणापुरते. त्यापुढची वाट प्रत्येकाने आपली आपण शोधावी अशी स्थिती आहे. एप्रिल २०२३ मध्ये अनुदान आयोगाने विद्यापीठांना कळवले की, अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी विद्यार्थ्याला परीक्षेत स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत. म्हणजे १९६१ साली त्या मुलाला जे सांगितले गेले त्याची ही उलटी बाजू: वर्ग इंग्रजी, उत्तर देशी. सूचना चांगली आहे, पण 'स्थानिक भाषा' म्हणजे कोणती? बडोद्यात गुजराती हे उघड आहे. दांडिया बाजारात चार पिढ्या राहणाऱ्याची मराठी तेथे स्थानिक की परकी? आणि आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीत राहणाऱ्याची? या शब्दाचा अर्थ कोणीतरी एकदा लिहून द्यावा.

इंग्रजी पुस्तकांशिवाय या विषयात भागत नाही हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९६८ च्या सुमारास केंद्राने प्रादेशिक भाषांत विद्यापीठीय ग्रंथ काढण्याची योजना आखली, तीतून नागपूरला विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ निघाले आणि मराठीत पदवीच्या पातळीची काही चांगली पुस्तकेही आली. पण वर्ग मराठीत नसल्यामुळे पुस्तके खपेनात, आणि पुस्तके नाहीत म्हणून वर्ग मराठीत निघेनात. हे चक्र कोणी तोडले नाही.

बडोद्याच्या पदार्थविज्ञान विभागाचे नाव जगभर झाले ते वेंकटरमण रामकृष्णन यांच्यामुळे. जन्म तमिळनाडूतील चिदंबरमचा, पण तीन वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर बडोद्यास आले. वडील याच विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक. मुलाने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती, आणि वैद्यकीय प्रवेशही हाताशी होता. पण राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शिष्यवृत्ती मिळाली, ती मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यालाच मिळे, आणि ते पदार्थविज्ञानाकडे गेले. १९७१ साली बी.एस्सी. झाले. त्या सुमारास विभागाने अभ्यासक्रम नुकताच बदलला होता. बर्कले विद्यापीठाची नवी क्रमिक पुस्तके आणि रिचर्ड फाइनमन यांची व्याख्याने मुलांच्या हाती दिली होती. फाइनमन यांनी ही व्याख्याने १९६१ ते १९६३ या काळात कॅलिफोर्नियात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दिलेली. म्हणजे अमेरिकेत जे ताजे होते ते पाच-सहा वर्षांत बडोद्याच्या वर्गात आले. रामकृष्णन यांनी आपल्या आठवणींत याचा आवर्जून उल्लेख केला आहे. पुढे अमेरिकेत पदार्थविज्ञानात पीएच.डी. केल्यावर ते पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकले, आणि २००९ साली नोबेल मिळाले ते रसायनशास्त्राचे!

हे आम्ही त्या मुलाला सांगितले ते नोबेलचे स्वप्न दाखवायला नाही. अभ्यासक्रम हा कोणीतरी माणसांनी बसून ठरवलेला असतो, तो चांगला करता येतो, एवढे त्याला कळावे म्हणून. घरातच प्राध्यापक असलेल्या आणि इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलाची व आमच्या मुलाची सुरुवात एकाच रेषेवरून होत नाही, हेही आम्ही त्याच्यापासून लपवले नाही.

आमच्या स्वतःच्या बी.एस्सी.ची एक आठवण येथे सांगतो. कॉलेजचे नाव कशाला हवे. दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत आमच्या वाट्याला स्पेक्ट्रोमीटर आणि लोलकाचा प्रयोग आला. प्रयोग उत्तम झाला, आकडेही ठीक आले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी इंग्रजीत विचारले, रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स म्हणजे काय? आम्ही शाळेत वक्रीभवन शिकलो होतो. प्रकाश हवेतून काचेत शिरताना का वळतो, वेग किती कमी होतो, हवेतल्या वेगाला काचेतल्या वेगाने भागले की काय मिळते, सारे डोळ्यासमोर होते. तोंडातून शब्द फुटेना. परीक्षकांनी "नेक्स्ट" म्हटले. वीसपैकी सहा गुण मिळाले. बाहेर येऊन आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो तेव्हा ते वाक्य मराठीत आपोआप पूर्ण झाले. त्या दिवशी आम्हाला विषय येत नव्हता असे म्हणायला आम्ही आजही तयार नाही.

म्हणून समितीने गेल्या तीन वर्षांपासून एक साधे काम सुरू केले आहे. दहावी संपल्यावरच्या सुटीत मुलांकडून एक वही करून घ्यायची. डाव्या बाजूला मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत आणि इंग्रजी लिपीत, आणि खाली मराठीत एक वाक्य. वस्तुमान आणि वजन यातला फरक आमच्या मुलांना मराठीत पक्का कळलेला असतो. ५० किलोचे पोते म्हणतो तेव्हा किलो हे वस्तुमान; त्या पोत्याला पृथ्वी ज्या बलाने ओढते ते वजन, सुमारे ४९० न्यूटन. चंद्रावर नेले तर वजन घटेल, पोत्यातले भात तेवढेच राहील. हे ज्याला कळले त्याला मास आणि वेट हे दोन शब्द शिकायला दोन मिनिटे पुरतात.

किंवा शक्ती आणि ऊर्जा घ्या. बोलण्यात आपण दोन्ही एकच समजतो. विहिरीवरची मोटार पाच हॉर्सपॉवरची, ही तिची शक्ती, इंग्रजीत पॉवर. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा पाचांचे झाले ३७३० वॅट. ती मोटार दोन तास चालली तर साधारण साडेसात युनिट वीज जळते. ती ऊर्जा, म्हणजे एनर्जी. बिल ऊर्जेचे येते. शेतकऱ्याच्या पोराला हे उदाहरण एकदा दिले की जन्मात विसरत नाही. असे दोनशेच्या वर शब्द आमच्या वहीत आहेत. अडचण एकच, पुस्तकापुस्तकांत मराठी शब्दही बदलतात. आम्ही शिकलो ते वक्रीभवन, आजच्या पुस्तकात अपवर्तन. एका प्रकाशाच्या वळण्याला दोन नावे कशासाठी, हे परिभाषा करणाऱ्यांनाच ठाऊक. आम्ही दोन्ही लिहून ठेवतो.

आता थोडे व्यवहाराचे. गुजरातेतील सरकारी विद्यापीठांचे पदवी प्रवेश २०२४ पासून एका सामायिक संगणकीय अर्जातून होतात, त्याच्या तारखा लवकर असतात. आपला निकाल लागल्यावर मामाला फोन करू म्हणून थांबलात तर मुदत निघून जाते. स्थानिक मुलांना प्राधान्य किती आणि बाहेरच्यांसाठी जागा किती, हे त्या वर्षाच्या नियमांत पाहावे. पी.यू. मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. एक वर्ष करून मध्येच सोडावे लागले तर ४० श्रेयांक आणि वर चार श्रेयांकांचा कौशल्याचा अभ्यास यावर प्रमाणपत्र मिळण्याची तरतूद चौकटीत आहे. मिळवलेले श्रेयांक राष्ट्रीय श्रेयांक पेढीत जमा राहतात. ही सोय गरिबाच्या मुलाला आधाराची आहे हे मान्य. पण एक वर्षाच्या प्रमाणपत्रावर कोण नोकरी देतो ते आम्हाला अजून दिसायचे आहे.

आणखी एक फरक ध्यानात घ्यावा. कर्नाटकाने चार वर्षांचा क्रम २०२१ मध्ये स्वीकारला आणि २०२४–२५ पासून सोडून दिला; येथे पुन्हा तीन वर्षांची पदवी आली. गुजरातेत नवा क्रम चालू आहे. तिकडे चौथे वर्ष संशोधनासह करायचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. तीन वर्षांवर थांबले तरी पदवी मिळतेच, आणि पुढे दोन वर्षांची एम.एस्सी. किंवा बी.एड. करता येते. ज्याला शिक्षक व्हायचे आहे त्याने चौथ्या वर्षाच्या मागे लागावे असे आम्हाला वाटत नाही.

बडोद्यातून परतताना गाडीत मुलाचे वडील बराच वेळ गप्प होते. मिरज सोडल्यावर म्हणाले, "म्हंजे गुरुजी, मराठीतनं शिकवत न्हाईत, तरी पाठवू म्हणता?" आम्ही म्हटले, पाठवा. कोल्हापुरास पाठवा, धारवाडला पाठवा, बडोद्यास पाठवा. पाठवाल तेथे पहिली दोन सत्रे त्याला जड जाणार आहेत, हे आजच धरून चला आणि पहिल्या निकालावर त्याला बोल लावू नका. बडोद्यास मामाचे घर आहे, घरात मराठी आहे, ही जमेची बाजू. मुलगा खिडकीशी बसून वही चाळत होता. त्याने मध्येच विचारले की, क्वांटम यामिकीतले शब्द हिच्यात का नाहीत? आम्हाला खरे ते सांगावे लागले, की तेथवर आमचीच मजल गेलेली नाही.

मुलगा बडोद्यास गेला. ऑगस्टच्या शेवटी एका रात्री त्याचा फोन आला. पहिल्या प्रात्यक्षिकात स्क्रू गेजने तारेचा व्यास मोजायला दिला होता. दहा वेळा मोजले, दर वेळी किंचित वेगळा आला, आणि सरांनी सांगितले की यातली अनसर्टन्टी काढून आण. चूक कोठे झाली ते त्याला सापडत नव्हते. आम्ही त्याला सांगितले की चूक झालेलीच नाही. कोणतेही मोजमाप अगदी नेमके येत नाही, ते किती इकडेतिकडे होऊ शकते तेवढे सांगायचे असते, त्याला अनिश्चितता म्हण. "म्हणजे आपण दुकानात म्हणतो तसं, किलोला दहा ग्रॅम इकडंतिकडं?" त्याने विचारले. हो, तसेच, पण त्या दहा ग्रॅमचा हिशेब मांडून दाखवायचा.

फोन ठेवून आम्ही वही काढली. अनिश्चितता हा शब्द तिच्यात नव्हता. तो लिहून घेतला आहे, आणि खाली दुकानाचे वाक्यही.